गाणं ऐकायला यायचं तर

परभणी जिल्ह्यात गाणं सभागृहात कमी आणि मांडवात जास्त ऐकलं जातं. सुगी उरकली की गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. रोज रात्री कीर्तन उभं राहतं आणि काल्याच्या कीर्तनानं सांगता होते. फेब्रुवारीत परभणी शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो आणि त्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं मिसळतात. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीनिमित्त भीमगीतांचे कार्यक्रम होतात, भाद्रपदात गणपतीपुढं भजनापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळं रंगतं. आषाढीच्या आधी गंगाखेडहून जनाबाईंची पालखी निघते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही याच जिल्ह्यातून पुढं जाते, आणि मुक्कामाच्या गावी टाळ-मृदंगाचा आवाज रात्री पार शिवारापर्यंत पोचतो.

या मांडवांत काही माणसं फार क्वचित दिसतात. चाकाच्या खुर्चीवरचा तरुण, कुबड्या घेतलेली बाई, डोळ्यांनी न दिसणारा म्हातारा, कानाला यंत्र लावलेली शाळकरी मुलगी, गर्दीनं आणि मोठ्या आवाजानं बिथरणाऱ्या लेकराला घेऊन आलेली आई. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येच्या मानानं हे प्रमाण अडीच टक्क्यांहून थोडं अधिक भरतं. तेच प्रमाण परभणी जिल्ह्याच्या 18 लाख 36 हजार लोकसंख्येला लावलं, तर आकडा 48 हजारांच्या घरात जातो. हा अंदाजही कमीच म्हणायचा, कारण 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि जनगणनेच्या वेळी ही यादी बरीच आखूड होती. गुडघे गेलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या आजी-आजोबांचा हिशेब यात धरलेलाच नाही. सप्ताहाच्या रात्री कुठल्याही मांडवात नजर फिरवावी आणि यांतले किती जण समोर बसले आहेत ते मोजावं. उत्तर हाताच्या बोटांवर येतं.

अपंग माणूस आणि संगीत यांचं नातं मात्र महाराष्ट्राला अजिबात नवं नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या स्फोटानं अधू झाली. पुढं मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं ते गाणं शिकले, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि दरबारात कोंडलेलं गाणं तिकीट लावून सर्वांसमोर जाहीरपणे गाण्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर आणि कुष्ठमुक्त कलाकारांचा आहे, आणि त्याचे प्रयोग राज्यभर झाले. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक 2008 पासून चालवणारे स्वागत थोरात यांनी 19 अंध कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणलं. खेड्यातल्या भजनी मंडळात पेटीवर बसलेला अंध बुवा तर मराठवाड्याच्या ओळखीचाच.

म्हणजे गाणारा, वाजवणारा अपंग माणूस आपण स्वीकारला. त्याला टाळ्या दिल्या, नारळ-शाल दिली. तोच माणूस श्रोता म्हणून येऊ म्हणाला तर त्याला आत कुठून घ्यायचं आणि बसवायचं कुठं, याचा विचार आयोजकांनी केलेला नसतो. सत्कारासाठी चौघं मिळून त्याला व्यासपीठावर उचलून नेतात. रोजच्या कीर्तनाला उचलून आणायला कोण येणार? आणि रोज उचलून घेतलं जाणं कुणाला आवडेल? आपल्या पायांनी, आपल्या चाकांनी, आपल्या वेळेला येऊन मनाला वाटेल तेव्हा उठून जाता येणं हा श्रोत्याचा साधा हक्क आहे.

वारकऱ्यांच्या परंपरेत अशा एका श्रोत्याची कथा सांगतात. पैठणचे कूर्मदास जन्मतःच हातापायांनी अधू. भानुदासांच्या कीर्तनात त्यांनी पंढरीचं वर्णन ऐकलं आणि सरपटत निघाले. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोचले, तिथं शरीर थकलं. मग विठ्ठलच त्यांना भेटायला लऊळला आला, अशी श्रद्धा आहे, आणि त्यांची समाधीही तिथंच आहे. कीर्तनकार ही कथा भक्तीचा महिमा म्हणून रंगवतात. ती ऐकताना आयोजकांनी एका गोष्टीकडं लक्ष द्यावं. कूर्मदास मुळात कीर्तनाला हजर होते, म्हणून पुढचं सगळं घडलं. पैठणच्या त्या कीर्तनात त्यांना बसायला जागा होती.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 29 नुसार, दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा यासाठी सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी उपाय करायचे आहेत आणि कला त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायची आहे. कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या करताना धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारती नाव घेऊन धरल्या आहेत. नाट्यगृह त्यात येतं, मंगल कार्यालय येतं, देवळाचा सभामंडपही येतो. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून 2017 मध्ये निघाले, त्यामुळं ही मुदत जून 2022 मध्ये संपली. कायदा मोडणाऱ्याला पहिल्यांदा 10 हजार रुपयांपर्यंत आणि नंतर 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तरीही पायऱ्या तशाच राहिल्या. त्याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयानं 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं. राजीव रतुरी यांनी 2005 साली दाखल केलेल्या याचिकेत न्यायालयानं दाखवून दिलं, की सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं नुसती शिफारशीच्या भाषेत लिहिली आहेत, तर कायद्याला सक्ती अभिप्रेत आहे. म्हणून नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरला आणि किमान बंधनकारक निकष तयार करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिने दिले गेले. दिल्लीतली ही लढाई परभणीच्या मंडपवाल्यापासून दूर वाटेल. पण उद्या नव्या सभागृहाचा नकाशा मंजुरीला आला आणि त्यात रॅम्प नसला, तर परवानगी देता येत नाही, हे कलम 44 आजही सांगतं.

कापडी मांडव ही इमारत नव्हे. त्याला भोगवटा प्रमाणपत्र लागत नाही आणि त्याचं आयुष्य आठ दिवसांचं असतं. सुधारणा करायला खरी सोयीची जागा हीच आहे. दगडी नाट्यगृहात लिफ्ट बसवायची तर निविदा, निधी आणि वर्षं लागतात. मांडव दरवेळी नव्यानं उभा राहतो, म्हणजे दरवेळी नीट उभारण्याची संधी मिळते. त्यात मांडव बहुधा जमिनीलगत असतो, फुकट असतो आणि गावातच असतो. शहरातल्या कुठल्याही महागड्या मैफलीपेक्षा ही सुरुवात बरी आहे.

अडतं ते आधी रस्त्यावर. परभणीची जमीन काळी. आषाढात किंवा गणपतीत एक सर आली की ती चाकांना चिकटते आणि खुर्ची जागच्या जागी रुतते. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात, त्यात कुबडीचं टोक अडकतं. खेड्यातली बरीच अपंग माणसं चाकाची खुर्ची वापरतच नाहीत. त्यांच्याकडं सरकारी योजनेतून मिळालेली, हातानं पायडल फिरवायची तीनचाकी सायकल असते. ती मांडवाच्या तोंडाशी चपलांच्या ढिगाजवळ उभी करावी लागते आणि पुढं अंगानं सरकत जावं लागतं. या सगळ्यावर उपाय आहे मुरमाचा. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आपण ट्रॉलीभर मुरूम टाकतोच. त्यातलाच थोडा रस्त्यापासून मांडवापर्यंत चार फूट रुंदीच्या पट्ट्यात दाबून टाकला, तर खुर्ची, तीनचाकी, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया सगळ्यांचीच सोय होते.

मग उताराचं गणित. रॅम्पचा मान्य चढ 1:12 असा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. देवळाचा सहा इंचांचा ओटा चढायला सहा फुटांची फळी पुरते. चार फूट उंच व्यासपीठावर चाकाची खुर्ची न्यायची, तर 48 फुटांचा उतार लागेल. म्हणून अपंग कलाकार किंवा सत्कारमूर्ती येणार असेल तर व्यासपीठच खाली घ्यावं, हा सरळ मार्ग. कीर्तनाला चार फुटांची उंची कशासाठी लागते? नारदाच्या गादीला दीड फूट पुष्कळ झाला. उंच व्यासपीठ बहुतेक वेळा पुढाऱ्यांच्या खुर्च्यांसाठी असतं.

बसण्याच्या जागेत आपल्याकडं एक जुनी चूक होत आली आहे आणि तिच्यामागं वाईट हेतू नाही. ज्यांना खाली मांडी घालता येत नाही, त्यांच्यासाठी मागं किंवा कनातीच्या कडेनं प्लास्टिकच्या खुर्च्या लावतात. समोर खुर्च्या ठेवल्या तर मागच्यांना दिसत नाही, हे खरं. पण खाली बसता न येणारी माणसं बरीचशी तीच, ज्यांना ऐकू कमी येतं आणि दिसतंही कमी. सगळ्यात जवळ ज्यांनी बसायला हवं, ते सगळ्यात लांब जातात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मैफलींतही बैठक आणि खुर्ची असे दोन भाग असतातच. प्रश्न त्यांच्या मांडणीचा आहे. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना, तिरक्या कोनात, आठ-दहा खुर्च्या आणि दोन चाकाच्या खुर्च्यांची मोकळी जागा ठेवली तर कुणाचीच नजर अडत नाही. चाकाच्या खुर्चीला साधारण तीन फूट बाय चार फूट जागा लागते. शेजारी सोबतच्या माणसाला जागा हवी. नवरा एका टोकाला आणि बायको बायकांच्या भागात दोरीपलीकडं, असं झालं तर पाणी कोण देणार, घरी कोण नेणार?

बायकांचं आणखी अवघड. फिरतं शौचालय आलं तरी त्याला तीन उंच पायऱ्या असतात. आत वळायला जागा नसते, बाहेर दिवा नसतो. पाय अधू असलेली बाई संध्याकाळपासून पाणी पीत नाही, किंवा घरातून निघतच नाही. मांडवापासून जवळच्या घरातलं किंवा शाळेतलं एक जमिनीलगतचं शौचालय त्या रात्रींपुरतं मोकळं ठेवणं एवढ्यानंही फरक पडतो. कितीतरी बायकांचं कीर्तन या एका गोष्टीवर ठरतं.

आवाजाकडं वळलं की विषय गुंतागुंतीचा होतो, कारण इथं जास्त म्हणजे चांगलं असा समज घट्ट बसला आहे. कानाला यंत्र लावणाऱ्याला मोठा आवाज नको असतो, स्वच्छ आवाज हवा असतो. पत्र्याच्या सभामंडपात चार कर्णे चार दिशांनी ओरडले की घुमारा तयार होतो, आणि यंत्र तो घुमाराच आणखी मोठा करून कानात ओततं. यावर जगभर वापरला जाणारा उपाय साधा आहे. श्रोत्यांच्या जागेभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं टाकायचं, ते खास ॲम्प्लिफायरला जोडायचं, आणि माईकचा आवाज चुंबकीय लहरींनी थेट यंत्रात पोचतो. बऱ्याच श्रवणयंत्रांत त्यासाठी ‘टी’ खूण असलेली सोय असते, आणि ती वापरायची कशी हे यंत्र देतानाच समजावून द्यायला हवं. तार नसेल तर निदान यंत्र लावणाऱ्याला कर्ण्यासमोर न बसवता कीर्तनकाराच्या तोंडासमोर, ओठ दिसतील असं बसवावं.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2022 मध्ये जलसे आणि कार्यक्रमांसाठी सुरक्षित श्रवणाचे निकष जाहीर केले. पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज मोजत राहावा, आणि कान विसावायला एक शांत जागा ठेवावी, असं त्यांत म्हटलं आहे. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत. ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर यांतलं काहीच टिकत नाही. त्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांपैकी काही जण उद्या ऐकू न येणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणार आहेत, आणि स्वमग्न मुलं तर आजच घरात कोंडली जातात. शाळेची एक खोली, मंद दिवा, एक सतरंजी एवढ्यात शांत जागा तयार होते. मुलाला तिथं दहा मिनिटं बसवून आई परत मांडवात येऊ शकते.

मुळीच ऐकू न येणाऱ्याला गाण्याच्या कार्यक्रमात काय मिळणार, असा प्रश्न लोक सहज विचारतात. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांच्या होईतो जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या आणि पुढं जगातल्या नामवंत तालवादक ठरल्या. कंप पायांना जाणवावेत म्हणून त्या अनवाणी वाजवतात. पखवाज, हलगी आणि संबळ यांचा ठोका लाकडी फळीवर बसलेल्या माणसाच्या अंगात शिरतो, हे कुणीही करून पाहावं. कोल्डप्लेनं आपल्या जागतिक दौऱ्यात कर्णबधिर श्रोत्यांना कंप जाणवून देणारी जाकिटं आणि सांकेतिक भाषेचे दुभाषे पुरवले. तोच दौरा जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत आला होता.

कीर्तनाला तर एक मोठी सोय आहे. वारकरी कीर्तन एका अभंगावर उभं असतं आणि तो अभंग कीर्तनकाराला आधी माहीत असतो. पुढाऱ्यांच्या फोटोंसाठी लावलेल्या एलईडी पडद्यावर तो अभंग लिहून दाखवायला किती वेळ लागतो? निरूपणासाठी दुभाषा हवा. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. तिथून शिकलेले दुभाषे प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत. पण कर्णबधिर शाळांमधले शिक्षक ही भाषा रोज वापरतात. त्यांना दोन दिवस आधी अभंग आणि विषय कळवून, योग्य मानधन देऊन, उजेडात उभं करावं. दुभाषा अंधारात उभा राहिला तर त्याचा काही उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. 2017 साली एका कर्णबधिर आईनं ‘लिटल मिक्स’ या गटाच्या कार्यक्रमाला दुभाषा मागितला. आयोजकांनी तो मुख्य गटापुरता दिला आणि आधी गाणाऱ्या दोन गटांना दिला नाही. 2021 मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. तिकीट पूर्ण कार्यक्रमाचं असतं, मग व्यवस्था अर्धीच का? त्याच देशात सुझॅन बुल यांनी 2000 साली ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था उभी केली. त्या स्वतः अपंग आणि मैफलींना जाणाऱ्या. अपंग श्रोत्यांनीच जागा पाहून यायचं, काय अडलं ते सांगायचं आणि आयोजकांनी ते सुधारायचं, अशी संस्थेची पद्धत आहे. आपल्या शेजारी गोव्यात जानेवारी 2023 मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला, आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयानंच तो भरवला. म्हणजे हे सरकारी यंत्रणेला जमतं.

अंध श्रोत्यासाठी सगळ्यात जुनी सोय परभणीतच आहे, ती म्हणजे आकाशवाणी. 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून उद्घोषक आधी सांगतो, की गायन कुणाचं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, राग कुठला, ताल कुठला. ऐकणाऱ्याला काही दिसत नाही हे गृहीत धरूनच तो बोलतो. मांडवातला सूत्रसंचालक मात्र ‘आपण पाहताच आहात’ म्हणून पुढं जातो. त्यानं दोन वाक्यं वाढवावीत: व्यासपीठावर कोण कुठं बसलं आहे, बाहेर जायची वाट कुठल्या बाजूला आहे. वायरी पायात येणार नाहीत अशा मांडवाच्या कडेनं न्याव्यात. आणि अंध माणसाला दंडाला धरून ओढू नये, आपला दंड त्याला धरू द्यावा.

पैशाचं कारण पुढं करता येणार नाही. ग्रामपंचायतींपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे, आणि डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही केला. दोन घडीचे रॅम्प, दोन चाकाच्या खुर्च्या आणि तारेच्या वेटोळ्याचा एक संच तालुक्याच्या ठिकाणी ठेवून गावागावाला फिरवला, तर नऊ तालुक्यांना नऊ संच पुरतील. कार्यक्रमाची परवानगी देताना पोलीस ठाण्यात आणि पालिकेत वाहनतळाबद्दल, आगीच्या बंबाबद्दल विचारतात. त्याच अर्जात दिव्यांग श्रोत्यांच्या जागेबद्दल एक रकाना वाढवायला जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरेल.

दिवाळी सरली की गावागावांत पुढच्या सप्ताहाच्या बैठका सुरू होतील. कीर्तनकारांच्या तारखा धरल्या जातील, मंडपवाल्याला विसार दिला जाईल आणि पत्रिका छापायला जाईल. त्या बैठकीला गावातल्या एका तरी अपंग माणसाला बोलवा आणि मांडव कुठं, कसा घालायचा हे त्याला विचारा. पत्रिकेवर अन्नदात्यांच्या नावांखाली एक ओळ छापा: चाकाच्या खुर्चीची वाट, पुढची राखीव जागा आणि जमिनीलगतचं शौचालय यांची सोय केली आहे. खाली एक फोन नंबर द्या, आणि तो उचलणारा माणूस नेमा.